वेध आणि दर्शन : वैमानिकाच्या हेल्मेटसाठी दोन वेगळे शब्द

‘हेल्मेट माउंटेड साइट’ आणि ‘हेल्मेट माउंटेड डिस्प्ले’ या दोहोंना ‘शिरस्त्राण-दर्शक’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु त्यामुळे या उपकरणांतला मूळ भेदच पुसला जातो. साइटमध्ये माहिती वैमानिकाच्या डोक्याकडून विमानाकडे जाते. मान जिकडे वळेल तिकडे क्षेपणास्त्राचा शोधक, म्हणजे लक्ष्य हेरणारा भागही वळतो. भारतीय हवाई दलाची पहिली मिग-२९ विमाने १९८७ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर आली, त्या विमानासाठी सोविएत अभियंत्यांनी केलेले उपकरण याच जातीचे होते.

अशा उपकरणाला मी ‘हेल्मेट-वेधयंत्र’ म्हणेन. ‘नेम’ हा शब्द जवळचा वाटतो खरा, पण नेम माणूस धरतो. यंत्र केवळ त्याच्या दृष्टिरेषेचा कोन मोजते, आणि वेधशाळेत ताऱ्याचा वेध घेणे म्हणजे तरी दुसरे काय असते? ‘वेधक’ मात्र टाळावा, कारण मराठीत तो ‘चित्तवेधक’च्या अर्थाने रुळला आहे.

डिस्प्लेमध्ये प्रवाह उलट असतो. वेग, उंची, क्षितिजरेषा हे सारे डोळ्यांपुढे येते. एफ-३५ या अमेरिकी लढाऊ विमानात तर ही माहिती दाखवणारा वैमानिकासमोरचा पारदर्शक पटल काढून टाकून सर्व भार हेल्मेटवरच टाकला आहे. येथे ‘दिशादर्शक’च्या धर्तीवर ‘हेल्मेट-दर्शक’ योग्य ठरेल.

हा भेद उड्डाणचाचणीत सर्वाधिक जाणवतो. (‘चाचणी-उड्डाण’ म्हणजे ते एक उड्डाण; ‘उड्डाणचाचणी’ म्हणजे उडत्या विमानात घेतलेली परीक्षा.) वेधयंत्राच्या बाबतीत दिशा ठाऊक असलेल्या खुणेकडे पाहून मोजलेला कोन आणि खरा कोन यांतील तफावत तपासतात, कारण कॉकपिटवरील वक्र छत प्रकाशकिरण वाकवते आणि डोक्याची दिशा चुंबकीय क्षेत्राने मोजत असतील तर आसपासचा धातू त्या क्षेत्रात बिघाड करतो. दर्शकाच्या बाबतीत मान वळल्यावर चिन्हे किती ‘विलंबाने’ येतात, विमान हादरताना ती किती ‘थरथरतात’, आणि रात्री दर्शकाचा स्वतःचाच उजेड बाहेरचे मंद दिवे झाकतो का, हे पाहावे लागते. एफ-३५ च्या वैमानिकांना विमानवाहू जहाजावर रात्री उतरताना अशा हिरवट उजेडाचा त्रास झाला होता.

‘शिरस्त्राण’ शब्द मात्र मी चुकीचा मानत नाही. विमानातून आसनासह बाहेर फेकले जाताना हेल्मेटचे वाढलेले वजन मानेवर येते, म्हणून त्यातले ‘त्राण’, म्हणजे रक्षण, टिकले आहे की नाही, हेही चाचणीत पाहावेच लागते.