मदत हवी आहे: शनिवारी राफ्टिंग, चष्म्याचं काय करायचं?

इंदिरानगरची_मेघा (मंगळवार, रात्री ९:४०)
शनिवारी पहिल्यांदाच राफ्टिंगला जातेय. चष्मा घालून बसायचं की काढून ठेवायचा? बांधायला दोरी मिळते म्हणे, कुठली घेऊ? मेनरोडला दोन दुकानांत विचारलं, दोन्हीकडे मण्यांची साखळी दाखवली. लवकर सांगा, उद्याच घ्यावी लागेल.

सातपूरकर
कुठे जाताय? नंबर किती? पोहता येतं का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

घाटवाटा
नाशिकहून म्हणजे कोलाडच असणार. माझं ऐकाल तर कोलाड रद्द करून ऋषिकेशला जा. शिवपुरीपासून खाली १६ किलोमीटर. पहिलं राफ्टिंग गंगेतच करावं.

सातपूरकर
जुलैत? पावसाळ्यात तिथलं राफ्टिंग बंद असतं, सप्टेंबरअखेरीस सुरू होतं. आणि मेघाताई या शनिवारी जाणार आहेत, दिवाळीत नाही.

इंदिरानगरची_मेघा
कोलाडच. बुकिंग झालंय, ऑफिसचे ११ जण आहोत. नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ७. चष्मा काढला की समोरच्याचा चेहरा दिसत नाही. कृपया फक्त चष्म्याचं सांगा.

एकलहरे_निवृत्त
चष्म्याचं मला माहीत नाही, पण वेळेचं सांगतो. वीजकेंद्रात नोकरी झाली, म्हणून राहवत नाही. कोलाडचं राफ्टिंग कुंडलिका नदीत होतं आणि तिच्यातलं हे पाणी नुसतं पावसाचं नव्हे. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, टर्बाइन फिरवतं आणि मग कुंडलिकेत सुटतं. राफ्ट त्या सोडलेल्या पाण्यावर चालतात, तेही सकाळच्या वेळी. उशिरा पोचलात तर पाणी पुढे निघून गेलेलं असतं. नाशिकहून कोलाड अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्यात पावसातला कसारा घाट. पहाटे निघून जमणार नाही. शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला जा.
याच मुळशी धरणासाठी जमिनी जाणार म्हणून १९२१ साली सेनापती बापटांनी शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला होता. नदीत बसाल तेव्हा त्या गावांची आठवण असू द्या.

रोहा_पॅसेंजर
गाडी कशाला? दिव्याहून कोकण रेल्वेने जा, कोलाडला स्टेशन आहे.

कॉलेजरोड_रायडर
कॉन्टॅक्ट लेन्स घाला, विषय संपला. मी दरवर्षी घालून जातो.

डोळस
नका घालू. मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. नदीचं पाणी लेन्सखाली अडकलं की त्यातले जंतू बुबुळाला चिकटून राहतात. अकँथामिबा या पाण्यातल्या सूक्ष्म जीवाचा संसर्ग झाला तर महिनोन्महिने औषध घालावं लागतं, कधी नजरही जाते.

कॉलेजरोड_रायडर
मला चार वर्षांत काही झालं नाही.

डोळस
तुम्हाला झालं नाही याचा आनंदच आहे. पण दुसऱ्याला सल्ला देताना तो आधार धरू नका. मेघाताई, तुमचा जुना चष्मा असेल ना? तोच घाला. काचेचा नको, प्लॅस्टिकच्या भिंगाचा. नवा गाडीत ठेवा.

इंदिरानगरची_मेघा
जुना आहे, उणे साडेसहाचा. चालेल? आणि हो, पोहता येत नाही.

सातपूरकर
हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं! मी सावरकर तलावावर वीस वर्षं पोहतोय. पोहता येत नसेल तर नदीत उतरूच नये.

गोदाकाठ
दादा, तलावातलं पोहणं वेगळं. खळाळत्या पाण्यात चांगला पोहणाराही हात मारत बसला तर दमतो. तिथे जॅकेट तारतं. मी सहा वेळा गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते.
मेघा, साडेसहाचा चालेल. मण्यांची साखळी नको, ती गळ्यात लोंबकळते आणि अडकते. खेळाच्या सामानाच्या दुकानात रबरी नळीसारखी, डोक्यामागे घट्ट बसणारी पट्टी मिळते. ती काड्यांवर चढव, वरून हेल्मेट घाल. घरी बादलीत तोंड बुडवून मान झटकून बघ, राहिला तर राहिला.
त्याहून महत्त्वाचं जॅकेट. एका ठिकाणी मला तुटक्या बकलचं जॅकेट दिलं होतं. गर्दीत बोलायला संकोचले. पाण्यात पडले तेव्हा ते सरकून कानांपर्यंत आलं आणि हनुवटी आत अडकली. पट्टे आवळल्यावर मैत्रिणीला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांग. सरकलं तर बदलून माग.
वल्ह्याच्या टोकाला आडवी मूठ असते, ती सोडायची नाही. सुटली की शेजारच्याचे दात जातात. पडलीस तर पाठीवर हो, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने पुढे. उभं राहायला जायचं नाही, पाय दगडांत अडकतो. दोर फेकला तर छातीशी धर, हाताला गुंडाळू नको.

सातपूरकर
जॅकेटचं पटलं. तरी पोहणं शिका, ताई. हिवाळ्यात बॅच असतात.

घाटवाटा
ऋषिकेशला जॅकेट चांगली असतात.

इंदिरानगरची_मेघा (रविवार, रात्री १०:१५)
आलो परत. पट्टी टिकली. बादलीत तीनदा बुडवून बघितलं होतं. पण एक कुणीच सांगितलं नाही. पहिल्याच लाटेत भिंगांवर पाणी आलं आणि दोन्ही हात वल्ह्यावर, पुसणार कशाने? पुढची दहा मिनिटं मला नुसता पांढरा फेस आणि पुढच्याच्या हेल्मेटचा लाल रंग दिसत होता. सगळं गाईडदादांच्या आवाजावर केलं. फॉरवर्ड म्हटलं की फॉरवर्ड, स्टॉप म्हटलं की स्टॉप. बसायच्या आधीच त्यांना नंबर सांगितला होता, त्यांनी मला मागे स्वतःजवळ बसवलं. ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांनी हे नक्की करा.
जॅकेटचा एक पट्टा सैल निघाला. बदलून घेतलं. गोदाकाठताई, तुमच्यामुळे बोलले.

गोदाकाठ
बरं केलंस. पडलीस का?

इंदिरानगरची_मेघा
शेवटी संथ पाण्यात त्यांनी उतरू दिलं, तेव्हा स्वतःहून उतरले. पाय वर केले आणि आकाशाकडे बघत दोर धरून तरंगले. सातपूरकर काका, सावरकर तलावाच्या बॅचची फी किती आहे?