मदत हवी आहे: गोळ्या लागू पडल्या, पण भाऊ खोलीतून बाहेर पडत नाही (स्किझोफ्रेनिया)

कृष्णाकाठ
भाऊ २७ वर्षांचा, आयटीआय फिटर. राहणं कराडजवळच्या गावात. चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान. सध्या रिस्पेरिडोन ४ मिग्रॅ आणि पॅसिटेन २ मिग्रॅ. आवाज ऐकू येणं जवळपास थांबलंय, शेजारी करणी करतात हा संशयही मावळलाय. पण दुपारी बारापर्यंत झोप, अंघोळ चार-चार दिवस नाही, मित्र तुटले, कामाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड. आई दिवसभर मागे लागते, वडिलांनी बोलणंच टाकलंय. डॉक्टर महिन्यातून एकदा पाच मिनिटं बघतात आणि गोळ्या चालू ठेवा म्हणतात.

मनोसामाजिक उपचार म्हणजे नेमकं काय करतात? घरी काय सुरू करता येईल? "समुपदेशन घ्या" याच्या पुढचं सांगा, कृपया.

ओसरी
ताई, आधी एक गोष्ट तपासून घ्या. हे सगळं आजाराचं आहे की थोडंफार औषधाचं, हे ठरल्याशिवाय पुढचं काही लागू पडत नाही.

आजारातली उमेद संपणं, चेहरा कोरा होणं, बोलणं आटणं यांना ऋण लक्षणं म्हणतात. घरातले त्यालाच आळस समजतात. पण हुबेहूब तसंच दिसणाऱ्या आणखी तीन गोष्टी असतात. पहिली, औषधाचा ताठरपणा: चालताना हात हलत नाहीत, पावलं आखूड पडतात, अक्षर बारीक होतं. दुसरी, गुंगी: सकाळचा डोस असेल तर तो रात्री घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तिसरी, नैराश्य: या आजारात ते अनेकदा येतं, आणि "मी घरावर ओझं आहे" असं एखादं वाक्य तो बोलत असेल तर ते हलक्यात घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. याउलट पाय सतत हलवणं, एका जागी बसवत नाही म्हणून येरझाऱ्या घालणं, हाही औषधाचा परिणाम असू शकतो. घरचे त्याला "डोकं पुन्हा फिरलं" समजतात आणि डोस वाढवायला सांगतात, तिथे घोळ होतो.

पॅसिटेन ताठरपणासाठी देतात, पण त्यानेच स्मरणशक्ती मंदावते, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. अजून गरज आहे का, एवढंच विचारा. स्वतःहून बंद करू नका. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि लैंगिक अडचणी येतात. तरुण मुलगा हे बहिणीपुढे कधीच बोलणार नाही, गुपचूप गोळी थुंकून टाकेल. म्हणून निदान दोन मिनिटं त्याला डॉक्टरांसोबत एकटं बसू द्या.

पाच मिनिटांची भेट असेल तर अर्धा कागद लिहून न्या: झोपेच्या वेळा, महिन्यात चुकलेल्या गोळ्या, वरचं काय दिसतं, आणि एकच प्रश्न. वजन, कंबर, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल यांची नोंदही त्यावरच.

शब्दवेल
ओसरींनी म्हटलेली तपासणी झाली की मग दिनक्रम. याला तज्ज्ञ कृतिनियोजन म्हणतात, करायला सोपं आहे आणि बिघडवायलाही.

पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही. तो किती वाजता उठतो, कधी जेवतो, खोलीबाहेर किती वेळ असतो, एवढं वहीत टिपा, त्याला सांगून. चोरून टिपलंत तर संशयाला खतपाणी. दुसऱ्या आठवड्यात एकच ध्येय, तेही त्याने निवडलेलं. बाराला उठणाऱ्याला सातला उठवायचं नाही, साडेअकरा. पाच-सहा दिवस जमलं की अकरा.

काम असं द्या की त्याची घराला खरीच गरज आहे. उगाच गुंतवून ठेवायला दिलेलं काम त्याला ओळखू येतं. उदाहरणार्थ दळण. त्याचे तुकडे करा: डबा भरणं, गिरणीपर्यंत नेऊन ठेवणं, गिरणीवाल्याशी दोन शब्द बोलणं, पैसे देणं, संध्याकाळी परत आणणं. सुरुवातीला तुम्ही सोबत चला आणि त्याने फक्त डबा उचलावा. मग एकेक तुकडा त्याच्याकडे. अंघोळीचंही तेच: पाणी काढलेलं, कपडे ठेवलेले, वेळ ठरलेली, आणि आठवण एकदाच.

हे फसतं ते ठरावीक ठिकाणी. एका चांगल्या दिवसानंतर लगेच ध्येय वाढवणं. एकाच वेळी अंघोळ, व्यायाम आणि नोकरी. आणि "शाब्बास बाळा!" अशी स्तुती. २७ वर्षांच्या माणसाला ती बोचते. "तू दळण आणलंस, माझी एक खेप वाचली" एवढं पुरतं.

कृष्णाकाठ
वही आजपासून. पण आईचं म्हणणं असं की बोललं नाही तर तो काहीच करत नाही, आणि बोललं की भांडण. मग करायचं काय?

पिंपळपार
तुमच्या आईंचा प्रश्न हाच या उपचारांचा गाभा आहे. १९७२ मध्ये लंडनला ब्राउन, बर्ली आणि विंग यांनी दाखवलं की ज्या घरात सतत टीका, राग किंवा अतिकाळजी असते तिथे आजार पुन्हा उचल खाण्याचं प्रमाण जास्त असतं. १९७६ मध्ये व्हॉन आणि लेफ यांनी त्यात भर घातली: अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून अधिक काळ समोरासमोर जात असेल तर धोका आणखी वाढतो. चंदीगडच्या १९८७ च्या अभ्यासात आपल्याकडे अशी घरं लंडनच्या तुलनेत कमी आढळली, ही जमेची बाजू. घरच्यांमुळे आजार होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. शुभंकर, म्हणजे आजारी माणसाला सांभाळणारे, थकले की असं होतंच.

आता वाक्यं. "दिवसभर लोळत असतोस" ऐवजी "अकराला चहा टाकतेय, तू आलास तर बरं वाटेल." त्याच्याकडे बघून, एकच गोष्ट, आणि झाली तर मला कसं वाटेल. एकदा सांगायचं आणि तिथून उठून जायचं. पाच मिनिटांनी पुन्हा सांगितलं की ती मागणी उरत नाही, तगादा होतो. "तू कधीच", "तू नेहमी" या दोन सुरुवाती तर काढूनच टाका.

वडिलांचं अबोला धरणं शांतता वाटते, शुभार्थीला, म्हणजे आजारी माणसाला, मात्र ती नापसंतीच वाटते. त्यांना भावनांबद्दल बोलायला लावू नका, ते होणार नाही. दिवसातून एक निरुपद्रवी वाक्य पुरे: पाऊस, मॅच, पंपाची मोटर. तो फिटर आहे ना? मोटर खरंच त्याच्याकडून बघून घ्या.

आणि आईंना रोज दोन तास घराबाहेर काढा. भजनी मंडळ, बचत गट, शेत, काहीही. ते ३५ तास असेच कमी होतात.

आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटांची घरची बैठक ठेवा, तो हजर असताना. एकच अडचण घ्या. ती सगळ्यांनी एका वाक्यात मांडायची, सुचतील तेवढे उपाय लिहायचे (वेडगळ वाटले तरी), प्रत्येकाचे फायदे-तोटे, एक निवडायचा, कोण कधी काय करणार ते ठरवायचं, पुढच्या आठवड्यात तपासायचं. बैठकीत जुने हिशेब काढायचे नाहीत.

संशय पुन्हा डोकावला तर वाद घालू नका आणि मान डोलावूही नका. "तुला भीती वाटतेय ते दिसतंय. मला तसं काही दिसलं नाही. आत्ता काय केलं तर बरं वाटेल?"

तज्ज्ञाकडून हे शिकायचं असेल तर कुटुंबोपचार मागा. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत तीन महिने ते एक वर्षात किमान १० बैठका म्हटल्या आहेत. व्यक्तिगत बोधात्मक वर्तन उपचार किमान १६ बैठकांचा. त्यात भास पुसून टाकण्यापेक्षा त्यांच्यामुळे होणारा त्रास कमी करण्यावर भर असतो. "दोन बैठकांत फरक दाखवतो" म्हणणारा भेटला तर तिथून निघा.

सहजच
ओळखीतल्या एकाला दहा दिवसांच्या विपश्यनेने फरक पडला असं ऐकलंय. आणि लग्न केलं की जबाबदारीने माणूस सावरतो.

ओसरी
सहजच, दोन्ही नको. दहा दिवस मौन, दीर्घ ध्यान आणि गोळ्यांच्या वेळांचा विस्कोट यातून तीव्र मनोविकार उफाळू शकतो. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी हे शिबिर करू नये, असं विपश्यना केंद्रं स्वतःच सांगतात. साधी आसनं जरूर करावीत, तीस-चाळीस मिनिटं, औषधासोबत. लग्न हा उपचार नाही, आणि आजार लपवून केलेलं लग्न दोन घरं बुडवतं. चहात लपवून थेंब घालण्याचा सल्लाही कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो: त्याला कळेल त्या दिवशी जेवणही बंद होईल आणि तुमच्यावरचा विश्वासही.

कामाशीकाम
मला कामाबद्दल सांगायचंय, कारण पुनर्वसन म्हटलं की सगळे कागदी पिशव्या आणि मेणबत्त्यांकडे वळतात. अमेरिकेत ड्रेक आणि बेकर यांनी उभी केलेली आधारासह रोजगार ही पद्धत उलटी चालते: आधी वर्षभर प्रशिक्षण आणि मग नोकरी असं न करता, माणसाच्या आवडीचं खरं काम लवकर शोधायचं आणि त्या कामावर त्याला आधार द्यायचा. काम करायची इच्छा, एवढीच पात्रता.

तुमच्याकडे याचा अर्थ: ओळखीचं वेल्डिंग किंवा पंप दुरुस्तीचं दुकान, आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास. मालकाला आजाराचं नाव सांगायचं की नाही हे भावाने ठरवावं. पण तीन सवलती मागून घ्या: सूचना लिहून, एका वेळी एकच काम, आणि डॉक्टरच्या दिवशी सुट्टी. गुंगी असेपर्यंत ग्राइंडर आणि लेथ नको. एमआयडीसीतली रात्रपाळी कधीच नको. झोप मोडली की आजार उचल खातो, आणि बारा तासांच्या पाळीवर घाईने चिकटवलेली मुलं बहुधा तिथेच कोसळतात.

ओसरी
तत्त्व मान्य, पण हा मुलगा अजून बाराला उठतोय. आधी महिनाभर दळण आणि झोप, मग दुकान. मध्ये डे केअर (दिवसभराचं पुनर्वसन केंद्र) मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण तिथे सामाजिक कौशल्यांचा सराव गटात होतो: कौशल्याचे टप्पे सांगणं, करून दाखवणं, त्याच्याकडून भूमिका करून घेणं, आधी काय चांगलं झालं ते सांगणं, मग एकच सुधारणा, पुन्हा करणं, आणि घरी गृहपाठ. दुकानदाराला नाही म्हणणं, जुन्या मित्राला फोन करणं, असे विषय असतात.

कामाशीकाम
महिना ठीक. वर्ष नको.

पिंपळपार
सुविधांचं थोडक्यात. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन (साआ) शुभार्थी आणि शुभंकरांसाठीच काम करते, स्वमदत गटांची सुरुवात तिथून करा. ठाण्यात आयपीएच, तुमच्याच साताऱ्यात परिवर्तन, या मानसिक आरोग्याच्याच संस्था. चेन्नईची स्कार्फ ही स्किझोफ्रेनियावर काम करणारी संस्था १९८४ पासूनची. गोवा, सातारा आणि तमिळनाडूत २८२ जणांवर झालेल्या एका चाचणीत, जी २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन हेच सगळं केलं. लक्षणं आणि अक्षमता यांत माफक फरक पडला. माफकच, पण डॉक्टर नसलेल्यांनी घडवलेला.

उचल खाण्याची योजना आत्ताच लिहा, तो बरा असताना आणि त्याच्या शब्दांत. त्याची स्वतःची पहिली खूण कोणती? बऱ्याच जणांत झोप उडणं, दार लावून घेणं, टीव्हीचा आवाज बंद करणं. दोन रात्री झोप नाही तर डॉक्टरांना फोन कोण करणार, कराडहून गाडी कोणाची, सगळं एका कागदावर. मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७ च्या कलम ५ प्रमाणे पुढे कोणते उपचार हवेत वा नकोत याची आगाऊ सूचना त्याला लिहिता येते, आणि कलम १४ प्रमाणे साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो. पुढे दाखल करायची वेळ आली तर कलम ८९ खाली अर्ज तोच प्रतिनिधी करतो, मुदत ३० दिवसांपर्यंत. रात्री-अपरात्री टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग जिल्हा रुग्णालयात आयडियाज मोजपट्टीवर मूल्यमापन: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, काम, शिवाय आजाराची वर्षं. एकूण ७ गुणांपासून ४० टक्के धरतात. त्या दिवशी भावाला "नीट वाग हं" असं पढवून नेऊ नका, गुण कमी पडतात. निरामय विमा योजनेत मात्र मानसिक आजार बसत नाही, एजंटाला पैसे देऊ नका.

कृष्णाकाठ
सगळं उतरवून घेतलं. आईला वाक्यांचा भाग वाचून दाखवला, तगाद्याच्या ओळीवर ती थांबली. एक राहिलं: तो दिवसाला सात-आठ सिगारेटी ओढतो. आत्ताच सोडवायच्या का?

ओसरी
रिस्पेरिडोनवर सिगारेटचा फारसा परिणाम नाही, त्यामुळे तो तयार असेल तर हरकत नाही. पण दिनक्रमाचं पहिलं ध्येय म्हणून ती घेऊ नका, दोन्ही बिघडेल. पुढे कधी ओलान्झापिन किंवा क्लोझापिन सुरू झालं तर मात्र सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा. धुरामुळे ही औषधं शरीरातून लवकर बाहेर पडतात, म्हणून सिगारेट एकदम बंद केली की रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस कमी करावा लागू शकतो. मिश्री किंवा गुटख्याने हे होत नाही, तिथे धूरच नसतो. निकोटिनच्या चघळायच्या गोळ्यांतही धूर नसतो, म्हणून डॉक्टरांना "तंबाखू सोडली" असं मोघम सांगू नका, सिगारेट सोडली असं सांगा.