गाडी लागणारी, घाबरलेली पेशंट: प्रीमेड (भुलेआधीचं शांत करणारं औषध) किती आणि उलटीसाठी काय, केव्हा?

निवासी_भूल: दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं आहे. पेशंट 38 वर्षांची, वजन 60 किलो, धूम्रपान नाही, गाडी लागते, आधीच्या ऑपरेशननंतर उलट्यांनी हैराण झाली होती. प्रचंड घाबरली आहे. भीती घालवायला मिडॅझोलाम द्यावं का? आणि उलटी टाळायला शेवटी ऑन्डॅनसेट्रॉन 4 मिग्रॅ एवढ्यावर भागेल का?

गॅसमन: नाही भागणार. अ‍ॅप्फेल स्कोअर, म्हणजे ऑपरेशननंतर उलटी होण्याच्या धोक्याचे गुण, मोजा: स्त्री, धूम्रपान न करणारी, पूर्वी उलट्या किंवा गाडी लागणं, ऑपरेशननंतर ओपिऑइड (मॉर्फिनसारखी वेदनाशामकं). तिचे तीन गुण आधीच ठरलेत, म्हणजे धोका 60 टक्क्यांच्या घरात. चौथा तुमच्या हातात आहे. तोही जोडलात तर 80. एक औषध धोका साधारण पावपट कमी करतं, म्हणजे 80 चे 60 होतात, दुसऱ्याने 45 च्या आसपास. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या गटांची औषधं लागतात, आणि भूलही बदलावी लागते: वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल, नायट्रस ऑक्साइड वायू नको.

डेक्सामेथासोन (उलटी रोखणारं स्टेरॉइड) 8 मिग्रॅ भूल चढल्यावर लगेच द्या. त्याचा परिणाम सावकाश येतो, शेवटी देऊन उपयोग कमी. आणि जाग्या पेशंटला भरकन दिलं तर गुप्तांगाजवळ असह्य आग होते. ऑन्डॅनसेट्रॉन मात्र टाके घालताना.

निवासी_भूल: रिकव्हरीत तरी उलटी झाली तर ऑन्डॅनसेट्रॉन पुन्हा देऊ?

गॅसमन: सहा तासांच्या आत नको, त्याचा फायदा दिसत नाही. दुसऱ्या गटातलं द्या, उदाहरणार्थ ड्रोपेरिडॉल 0.625 मिग्रॅ. आधी ईसीजी बघा, क्यूटी (हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातला विद्युत कालावधी) लांबलेला असेल तर ही दोन्ही औषधं टाळा.

प्रीऑप_ताई: प्रीमेडबद्दल. आधी पाच मिनिटं नीट बोला, काय होणार ते सांगा. तरीही हात थरथरत असेल तर मिडॅझोलाम 1 मिग्रॅ शिरेतून, पल्स ऑक्सिमीटर लावून, ऑक्सिजन हाताशी ठेवून. दोन-तीन मिनिटं थांबा, मगच आणखी 1 मिग्रॅ. घाईत दुसरा डोस दिला की दोन्ही एकदम चढतात, आणि सोबत फेंटानिल (ओपिऑइड) असेल तर श्वास मंदावतो. मिडॅझोलामने उलटीही थोडी कमी होते, पण त्या भरवशावर बाकीचं वगळू नका. सरसकट तर नकोच. 2015 मध्ये फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत लोराझेपाम (मिडॅझोलामच्याच गटातलं औषध) 2.5 मिग्रॅ आधी दिल्याने पेशंटचं समाधान वाढलं नाही, श्वासाची नळी काढायला मात्र उशीर झाला. वयस्कर आणि झोपेत घोरून श्वास अडकणाऱ्यांना माझ्या मते अजिबात नको.

रिकव्हरी_रूम: मुळावर घाव घाला: पॅरासिटामॉल 1 ग्रॅम, मूत्रपिंड ठीक असेल तर एनएसएआयडी (डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक), दुर्बिणीच्या छिद्रांत बुपिवाकेन (जागा बधिर करणारं औषध). मॉर्फिन आपोआप कमी लागतं. आणि पेशंट "मळमळतंय" म्हणाली की सिरिंज उचलण्याआधी बीपी बघा. वरचं बीपी 80 पर्यंत उतरलेलं असेल तर आधी सलाईन आणि फिनाइलएफ्रिन (बीपी वाढवणारं औषध), बीपी सावरलं की बहुधा मळमळ थांबते. पोट फुगलंय का, ऑक्सिजन कमी आहे का, शुगर किती, हेही तपासा. ट्रॉली वळवताना झटके देऊ नका, गाडी लागणाऱ्यांना तेवढंही पुरतं.