सलूनमधला रक्तदाब
विद्यापीठांचं आरोग्यावरचं संशोधन अहवालातच राहतं, लोकांपर्यंत पोचत नाही, असं म्हटलं जातं. मला पटत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या रक्तदाबावर डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी आधी डॅलसच्या विद्यापीठात आणि मग लॉस एंजेलिसला केलेलं काम बघा. 2018चा निष्कर्ष: 52 सलून, 319 गिऱ्हाइकं. न्हाव्याकडे आलेल्या माणसाच्या दंडाला तिथेच रक्तदाब मोजायचा पट्टा, आणि फार्मासिस्ट तिथेच येऊन, डॉक्टरांच्या संमतीने गोळ्या लिहून देणार. सहा महिन्यांत रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी 27ने उतरला. न्हाव्याने नुसता सल्ला देऊन डॉक्टरकडे पाठवलं त्यांचा जेमतेम 9ने. दवाखान्याला बिचकणारा माणूस ओळखीच्या खुर्चीत बसून औषध घेतो, हे मला फार मोलाचं वाटतं. प्रयोग संपल्यावर त्या फार्मासिस्टचा पगार कोणी द्यायचा, यावर मात्र बोलायलाच हवं.