मदत हवी आहे : १९८४ च्या फायरक्रॅकर ४०० चा शेवट नीट समजत नाहीये

मोटरस्पोर्टवर मराठीत छोटी व्हिडिओ मालिका करतोय. पुढचा भाग ४ जुलै १९८४ च्या डेटोनाच्या शर्यतीवर आहे (नॅसकार, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती, त्यातली सर्वोच्च 'कप' मालिका), ड्रायव्हर रिचर्ड पेटीचा २०० वा विजय. एका ठिकाणी गाडी अडलीये.

एकूण १६० फेऱ्या, अडीच मैलांचा ओव्हल. शेवटाकडे डग हेव्हरॉनला अपघात झाला आणि पिवळा झेंडा (धोका आहे, सावकाश चालवा, ओव्हरटेक नाही) आला. तेव्हा पिवळ्या झेंड्यातही सुरुवात-शेवटाच्या रेषेपर्यंत शर्यत चालू राहायची आणि तिथला क्रम पुढे कायम राहायचा, त्यामुळे पेटी आणि केल यारबरो एकमेकांना घासत सुटले आणि पेटीची ४३ नंबरची पॉन्टियाक काही इंचांनी पुढे राहिली. उरलेल्या फेऱ्या सावकाश. त्यातच यारबरो एक फेरी आधी पिटमध्ये शिरला, दुसरा नंबर हॅरी गँटला गेला. (इतका मुरलेला ड्रायव्हर, आणि ही चूक!) इथपर्यंत स्पष्ट आहे.

शेवटच्या फेऱ्यांची क्लिप पाहिलीये, निकालपत्रकही पाहिलंय. 'ग्रीन-व्हाइट-चेकर्ड' (जादा फेऱ्या देऊन हिरव्या झेंड्याखाली शर्यत संपवण्याचा नियम) सुचवू नका, कप मालिकेत ते २००४ मध्ये आलं. पिवळ्या झेंड्यात रेषेपर्यंत शर्यत लावणं २००३ मध्ये बंद झालं, तेही माहीत आहे. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन आले होते तो भाग लिहून झालाय.

अडचण एवढीच : पिवळा झेंडा दिसताच दोघांनी जीव तोडून रेषा गाठली, म्हणजे हिरवा झेंडा (शर्यत पुन्हा पूर्ण वेगात सुरू, म्हणजे रीस्टार्ट) परत येणार नाही हे त्यांनी धरलेलंच होतं. अमुक फेऱ्या उरल्या की रीस्टार्ट नाही, असा लेखी नियम १९८४ मध्ये होता का, की ट्रॅक साफ व्हायला वेळ पुरणार नाही हा निव्वळ त्यांचा अंदाज?