विंडोजवर ग्रेप, सेड वापरायचंय, काय टाकू?

नवाखेळाडू: मोठमोठ्या लॉग फायलीतून ठरावीक ओळी काढायच्या असतात, ग्रेप (ओळी शोधणारी कमांड) आणि सेड (मजकूर बदलणारी) हवंय पण लिनक्स वेगळं टाकायचं नाहीये. विंडोजवरच लिनक्सच्या कमांड चालवायला सिगविन, गिट बॅश, डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स) अशी नावं ऐकली, कुठलं घेऊ? आणि फाइंड टाइप केलं की भलतंच काहीतरी चालतं, हे काय?

काळीखिडकी: फाइंडचं सोपंय. विंडोजचं स्वतःचं फाइंड फायलीच्या आतला मजकूर शोधतं आणि युनिक्स-लिनक्सचं फाइंड फायलीच शोधतं, पाथमध्ये (कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्यांची यादी) जे फोल्डर आधी असेल त्यातलं चालतं. सॉर्टचीही तीच गत. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर फाइंड' दे, कुठलं उचलतंय ते कळेल.

पाइपवाला: एवढ्यासाठी गिट बॅश पुरे की, ग्रेप सेड ऑक सगळं त्यात येतं. सिगविन 1995 पासूनचं, अजून चालतं पण आता नव्याने कशाला. डब्ल्यूएसएल 2 मध्ये खरा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) असतो, मजा येते, फक्त सी ड्राइव्हवरच्या फायली तिथून वाचताना जाम स्लो होतं, म्हणून मोठे लॉग आधी लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करून घे.

नवाखेळाडू: डब्ल्यूएसएल टाकलं. ग्रेप चालतंय पण शोधायच्या शब्दाच्या शेवटी डॉलर (म्हणजे 'इथे ओळ संपते') लावला की एकही ओळ सापडत नाही??

काळीखिडकी: फाइल विंडोजची असणार, तिच्या ओळीच्या शेवटी एक जादा न दिसणारं कॅरेक्टर असतं, त्यामुळे डॉलर जुळत नाही. डॉस-टू-युनिक्स चालव, ते कॅरेक्टर काढून टाकणारी कमांड आहे ती. मूळ फाइलवर नको हां, कॉपीवर.