गावातल्या पोरांना (आणि आईच्या बचत गटाला) कॉम्प्युटर शिकवायचाय, सुरुवात कुठून करू?

माणदेशी_मन्या:
नमस्कार मंडळी. नोकरी पुण्यात, पण दर शनिवारी गावी जातो. झेडपीच्या शाळेतल्या पाचवी-सहावीच्या पंधरा पोरांना रविवारी कॉम्प्युटर शिकवायचं अंगावर घेतलंय. पीसी दोन, त्यातला चालू एक, तोही जुना, आणि लाईटचा नेम नाही. पहिले दोन रविवार पेंट आणि वर्ड दाखवलं. एकजण माऊस धरतो, बाकी चौदा त्याच्या मानेवर. तिसऱ्या रविवारी निम्मी पोरं विहिरीवर पोहायला. वर एका पालकाने विचारलं, सर्टिफिकेट मिळणार का? त्यात आईच्या बचत गटातल्या बायकाही मागे लागल्यात, आम्हालापण शिकव म्हणून. मला कोडिंग येतं, शिकवता येत नाही हे आता कळलंय. काय करू?

खडूफळा:
आधी तो पीसी झाकून ठेव. पुठ्ठ्याचे पाच पत्ते काप, त्यांवर 16, 8, 4, 2, 1 असे ठिपके काढ, मागची बाजू कोरी. पाच पोरं ओळीत उभी कर आणि बाकीच्यांना वाढदिवसाची तारीख विचार. 21 म्हटलं की 16, 4 आणि 1 वाले ठिपके दाखवणार, उरलेले दोघं पत्ता उलटा धरणार. पाचही पत्त्यांची बेरीज 31, त्यामुळे कुणाचाच वाढदिवस अडत नाही. दहा मिनिटांत तुझी गरजच उरत नाही, पोरंच ओरडायला लागतात "ए चार, खाली कर की!" बायनरी (म्हणजे नुसत्या 0 आणि 1 वर आकडे मांडायची पद्धत) हा शब्द शेवटी सांग, नाही सांगितलास तरी चालेल. हे माझ्या डोक्यातलं नाही हां, न्यूझीलंडच्या कँटरबरी युनिव्हर्सिटीतल्या टिम बेल आणि मंडळींचं 'सीएस अनप्लग्ड', 90 च्या दशकातलं. आपल्याकडे एसीएम इंडियाचं (कॉम्प्युटरवाल्यांची संघटना) 'सीएसपाठशाला' आहे, तेही मशीनशिवायच शिकवण्यावर भर देतात. इंग्लंडात तर 2014 पासून शाळेत आयसीटीच्या (कॉम्प्युटर नुसता वापरायला शिकवणं) जागी कम्प्युटिंग (तो चालतो कसा, प्रोग्राम कसा लिहायचा) हा विषय आला, म्हणजे नुसतं वर्ड-एक्सेल पुरत नाही हे तिकडेही कळलंच की.

जुना_कीबोर्ड:
मॅडम, ठिपके छान आहेत, पण त्या सर्टिफिकेटवाल्या पालकाला हसू नका. मी 2004 ला रोज एसटीने तालुक्याला जाऊन एमएससीआयटी केलं, घरात कॅल्क्युलेटरपण नव्हता. कोर्स 2001 ला सुरू झाला, आमच्यासारख्या कितीजणांनी माऊसला पहिला हात तिथेच लावला. पोटापाण्याचं आधी बघावंच लागतं. मन्या, त्या एका पीसीवर स्क्रॅच टाक (ठोकळे जोडून पोरांना प्रोग्राम करता येतो ते), 1.4 ही जुनी आवृत्ती, हलकी आहे, नेट लागत नाही. नियम एकच, माऊस धरणाऱ्याने डोकं चालवायचं नाही आणि डोकं चालवणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही. दर पाच मिनिटांनी अदलाबदल. नाहीतर सरपंचाचा पोरगा उठतच नाही खुर्चीतून, अनुभव आहे.

सई_तळेगाव:
बायकांचं मी सांगते. पीसीवर नकोच, फोनवर शिकव, आणि त्यांचीच वही समोर घे. आत्याच्या गटात आम्ही 12 बायकांची नावं शीटमध्ये टाकली, महिन्याला 200, शेजारी कर्जाचा रकाना आणि त्याच्या शेजारी महिना 2 टक्के व्याज. 5000 चे 8000 केले आणि 100 चे आपोआप 160 झाले, तेव्हा आत्या म्हणाली "परत कर बघू." चार वेळा करायला लावलं, कारण ते व्याज दर महिन्याला तीच हाताने काढायची. फॉर्म्युला हा शब्द तिने नंतर स्वतःच विचारला. अजून एक, पहिल्याच दिवशी घोकून घे की यूपीआयवर आपल्याला पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवायचा, मग तो बँकेचा साहेब का असेना.

माणदेशी_मन्या:
सगळ्यांचे आभार 🙏 लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून पत्ते केले. लाईट नव्हतीच, अंगणात घेतलं, पंधराच्या पंधरा टिकली. शेवटी भाव खायला म्हणून सांगितलं की ए म्हणजे 1, बी म्हणजे 2, असं झेडपर्यंत 26 होतात, म्हणजे अख्खी एबीसीडी पाच पत्त्यांत बसते. तर सहावीतली एक पोरगी म्हणाली, "आणि आपली बाराखडी?" दांडी उडाली ना राव माझी. घरी येऊन फोनवर 'कि' टाईप करून एकदा बॅकस्पेस दाबला, वेलांटी गेली, क राहिला. म्हणजे काना-मात्रा-वेलांटी आत वेगळी साठवलेली असते, अख्खी बाराखडी ठेवावी लागत नाही! मग बघितलं तर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला कॉम्प्युटरसाठी नंबर देणारी यादी) देवनागरीच्या तक्त्याला जागा 128, म्हणजे सात पत्ते पुरतात. इतकी वर्षं कोड लिहितोय, कधी डोक्यात आलं नव्हतं.
अजून दोन पत्ते कापलेत. 64 ठिपके काढायचा कंटाळा आला, तर आईने टिकल्यांची पाकिटं काढून दिलीयेत. सईताई, ती शीट पाठव ना.